भातखाचरांची गोधडी: एका कंपोझिट फोटोचे पाच महिने

चित्र असं आहे. एक आजी जमिनीवर बसून गोधडी शिवतायत. त्यांच्या गुडघ्यापाशी जुन्या लुगड्यांचे तुकडे आहेत. गोधडी लांब जाते तसतसे ते तुकडे हिरवे होत जातात, ठिगळांच्या कडांचे बांध होतात, आणि शेवटी डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसती भातखाचरं उरतात. बांधाबांधांवरून पांढरा धावदोरा गेलेला आहे.

हे चित्र जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात वहीत आखलं. १२ × १८ इंची प्रिंट हातात आली ३० ऑक्टोबरला, आणि त्यामागचं कागदपत्रांचं काम संपलं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. अशा कंपोझिट, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेल्या, चित्राबद्दल शिकवताना बहुतेक जण ‘मास्क लावा आणि ब्लेंड करा’ इथे थांबतात. प्रत्यक्षात किती दिवस लागतात, कुठे अडतं आणि का अडतं, हे आकड्यांसकट लिहितेय. एकाची जरी दुसरी फेरी वाचली तरी पुष्कळ.

सगळ्यात आधी प्रिंटचा आकार ठरवला. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर १८ इंचांना ५४०० आणि १२ इंचांना ३६०० पिक्सेल लागतात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० × ४००० चा फोटो देणारा. कापाकापीला जेमतेम दहा टक्के जागा. ‘नंतर क्रॉप करू’ हा पर्याय इथेच संपला, म्हणून वहीतल्या चौकोनात प्रत्येक गोष्टीची जागा पक्की केली: क्षितिज वरून एक षष्ठांशावर, खरी गोधडी खालच्या तिसऱ्या भागात, आजी डावीकडे, त्यांचं डोकं क्षितिजाच्या जरासं खाली. या कच्च्या रेखाटनाला अर्धा तास लागला, आणि पुढचे पाच महिने ते कॅमेऱ्याच्या पिशवीत होतं.

पहिली फेरी १३ जुलैला, भोरहून वरंध घाटाच्या रस्त्याने. नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला रस्ता उंचावरून जातो आणि खाली खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची ताजी सूचना बघा आणि शक्यतो घाट सुरू होण्याआधीच्याच वळणांवर काम उरका.

त्या दिवशीचा एकही फोटो कामाला आला नाही. लावणी नुकतीच झाली होती, रोपं वीतभर, आणि खाचरांत पाणी. पाण्यात ढगाळ आभाळाचा पांढरा उजेड चमकत होता. डोळ्यांना ते फार सुंदर दिसतं, पण कापड असं चमकत नाही. दोन-तीन फोटोंवर लुगड्याचा पोत चढवून पाहिला, तर गोधडीवर आरसे ठेवल्यासारखं दिसायला लागलं. रोपं वाढून पाणी झाकेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणजे दीड महिना. वाट बघणं जिवावर आलं, पण त्या फेरीत एक गोष्ट मिळाली: उभं राहायची जागा. फोनवर ठिकाणाची खूण करून ठेवली आणि तिथल्या दगडी कठड्याचा फोटो काढून ठेवला.

दुसरी फेरी ३१ ऑगस्टला, रविवारी. आता भात दाट झालं होतं. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची खाचरं पिवळसर दिसत होती, उशिरा पिकणाऱ्या गरव्याची गडद हिरवी, आणि बांधावरचं गवत दोन्हींहून वेगळं. जणू ठिगळं आयतीच लावून ठेवलेली. जुलैत हा रंगांचा फरक नव्हता.

ज्यावर सगळं अवलंबून होतं ते मोजमाप इथे झालं. दोन फोटो एकाच जागेचे वाटायचे असतील, तर दोन्हींत डोळ्याची पातळी, म्हणजे खरं क्षितिज, चौकटीत एकाच उंचीवर यायला हवं आणि लेन्सची फोकल लेंग्थही तीच हवी. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर ३५ मिमीची लेन्स उभ्या दिशेत सुमारे २५ अंश पाहते. त्यात क्षितिज वरून एक षष्ठांशावर आणायचं, तर कॅमेरा साधारण साडेआठ अंश खाली झुकवावा लागतो. डोंगरात हे डोळ्यांनी जमत नाही, कारण डोंगराची कडा म्हणजे क्षितिज नव्हे. खरं क्षितिज डोंगराच्या पोटात कुठेतरी दडलेलं असतं. म्हणून फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याला टेकवून कोन वाचला, ट्रायपॉड घट्ट केला आणि वहीत लिहिलं: ३५ मिमी, एफ ८, आयएसओ ४००, झुकाव ८.५ अंश, ढगाळ उजेड, वेळ सकाळी ८:५०. पहिल्या फोटोत, पुढे रंग जुळवता यावेत म्हणून, राखाडी कार्ड धरलं. धुकं वर सरकायला एक तास चाळीस मिनिटं थांबावं लागलं. एकूण ४६ फोटो, कामाचे चार.

७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, गोधडीचं पहिलं शूट एका इमारतीच्या गच्चीवर झालं. आजी व्यवसायाने गोधड्या शिवतात. त्यांचं मानधन हजार रुपये ठरलं होतं. संमतीचा मजकूर आधी मराठीत टाइप करून नेला: फोटो कशासाठी, तो जोडून बदलला जाणार आहे, प्रदर्शनात किंवा स्पर्धेत जाऊ शकतो, पैसे किती मिळाले. तो त्यांना वाचून दाखवला आणि दोन प्रतींवर सही घेतली, एक त्यांच्याकडे ठेवली. हा कागद शूटच्या आधीच करावा. चेहरा ज्याचा आहे, त्याला चित्राचं पुढे काय होणार हे कळायलाच हवं, आणि पुढे स्पर्धेत कुणी विचारलं तर धावाधाव होत नाही.

त्या शूटमध्ये तीन चुका झाल्या. तिन्ही १४ सप्टेंबरला कॉम्प्युटरवर कच्ची जोडणी करताना उघड झाल्या.

पहिली चूक: गोधडी पूर्ण दिसावी म्हणून कॅमेरा उभ्याच्या उंचीवर, १.५५ मीटरवर ठेवला आणि जवळजवळ २५ अंश खाली झुकवला. खाचरं साडेआठ अंशांची, गोधडी पंचवीसची. जोडल्यावर सांध्यापाशी जमीन घडी पडल्यासारखी दिसते, गोधडी भिंतीवर टांगल्यासारखी उभी आणि शेत आडवं. पर्स्पेक्टिव्ह टूलने गोधडी ओढून बसवता येते, पण तिच्यावर बसलेल्या आजीही सोबत ताणल्या जातात. माणूस वेगळा कापून गोधडीच तेवढी ओढली, तर माणसाखालची खरी सावली जाते. इथे दुरुस्ती नसते, पुन्हा शूट करावं लागतं.

दुसरी चूक: आजींच्या मागे पांढरी चादर टांगली होती. पिकलेले केस आणि पांढरी चादर यांतला फरक सॉफ्टवेअरला सापडेना. केस कापून हिरव्या शेतावर ठेवले की भोवती पांढरी झिलई राहायची.

तिसरी चूक सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मजेची. खऱ्या गोधडीचा टाका मोजला: दिसणारा दोरा ६ मिमी, मधली जागा ४ मिमी. चार मीटरवरून ३५ मिमी लेन्सने काढलेल्या आणि ५४०० पिक्सेलला आणलेल्या फोटोत तो ६ मिमीचा टाका फक्त १२ पिक्सेलचा होतो. प्रिंटमध्ये एक मिलिमीटर. दूरच्या खाचरांवरचे टाके त्याहून लहान असायला हवेत, म्हणजे ते दिसणारच नाहीत. आणि दिसावेत म्हणून मोठे काढले, तर जवळचा टाका लहान नि लांबचा मोठा असं उलटं होतं. चित्राचा जीव त्या धावदोऱ्यात, आणि तोच नाहीसा. त्या रात्री हे सोडून द्यावं असं मनात आलं होतं.

उपाय आजींकडेच होता. त्यांना अडचण सांगितली तेव्हा त्यांनी दाभण आणि जाड पांढरा सुती दोरा काढला आणि पुढच्या दोन ठिगळांवर १६ मिमीचे टाके घालून दिले. १६ मिमी म्हणजे फोटोत ३२ पिक्सेल. तिथून मागे जाताना ३२ वरून ८ पर्यंत उतरायला जागा मिळाली.

२० सप्टेंबरला, शनिवारी, दुसरं शूट. आधीच्या दिवशी गच्चीवर खडूने खुणा केल्या. कॅमेरा १.२ मीटर उंचीवर, झुकाव ८.५ अंश. या कोनात चौकटीची खालची कड जमिनीवर कॅमेऱ्यापासून साधारण ३.१ मीटरवर येते. तिथून पुढे गोधडी पसरली, ५.५ मीटरपर्यंत, आणि आजी साडेचार मीटरवर बसल्या. ३५ मिमीला एफ ११ ठेवून सहा मीटरच्या आसपास फोकस केला, की तीन मीटरपासून पुढे अनंतापर्यंत सगळं पुरेसं धारदार येतं. गोधडी धूसर आली असती तर तिच्यामागचं धारदार शेत खोटं वाटलं असतं, म्हणून हा एफ ११. ढगाळ उजेडात आयएसओ ४०० ला शटर १/१२५ च्या आसपास मिळालं, हाताची हालचाल थांबवायला तेवढं पुरलं.

ऊन पडलं असतं तर परत यावं लागलं असतं. खाचरांवर ढगाळ, सावली नसलेला उजेड होता, मग माणसावरही तोच हवा. कडक सावली पुसता येत नाही, आणि ढगाळ शेतावर खोटी सावली टाकली तर ती कुणालाही कळते. मागे या वेळी गडद राखाडी सुती कापड टांगलं, चार मीटर, तीनशे वीस रुपये. हिरवं कापड घेतलं नाही, कारण त्याचा हिरवा उजेड पांढऱ्या केसांवर आणि लुगड्याच्या काठावर चढतो. ठरवलेल्या आसनातले साठ फोटो घेतले. वर गोधडीच्या सुरकुत्यांचे आठ, विणीचा जवळून एक, आणि सुटा ताणलेला दोरा राखाडी कापडासमोर, असे जास्तीचे फोटोही घेतले. हे जास्तीचे फोटो विसरू नका. ऐन वेळी त्यातलाच एखादा लागतो.

संपादन २२ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, मिळून ३८ तास. सॉफ्टवेअर गिम्प ३.०, त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं, मोफत. या आवृत्तीत फिल्टर लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांवर, चिकटून राहतात आणि नंतर बदलता येतात. अशा कामात ब्लरचा आकडा दहा वेळा बदलतो, म्हणून ही सोय मोठी आहे. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. दोन्ही शूटच्या राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला, लेन्सचा बाक काढला, शार्पनिंग बंद ठेवलं आणि १६ बिट टिफ काढल्या. शार्पनिंग शेवटी एकदाच, सगळ्या चित्रावर करायचं. तुकड्यातुकड्यांवर आधी केलं की प्रत्येक तुकड्याची कड वेगळी बोलते.

५४०० × ३६०० चा एक लेयर १६ बिटमध्ये साधारण १५५ एमबी खातो. लेयर तीसच्या घरात गेले तेव्हा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप प्रत्येक ब्रशला चार-पाच सेकंद थांबायला लागला. २,१०० रुपयांची आणखी ८ जीबी रॅम बसवली आणि गिम्पच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम रिसोर्सेसखाली टाइल कॅशचा आकडा वाढवला. ८ बिटमध्ये काम केलं असतं तर जागा निम्मी लागली असती, पण ढगाळ आभाळात पट्टे उमटतात.

पहिलं काम शेताचा फोटो तळाला ठेवणं आणि वरून ६०० पिक्सेलवर एक आडवी गाइड लावणं. तीच क्षितिजाची रेघ. गोधडीचा फोटो वर ठेवून अर्धपारदर्शक केला. गच्चीच्या कठड्याच्या आणि फरशीच्या समांतर रेघा पुढे वाढवल्या, त्या सगळ्या त्या गाइडवर येऊन मिळाल्या. मोजमाप बरोबर होतं. १४ तारखेच्या रात्रीनंतर एवढं समाधान कधी वाटलं नव्हतं.

आजींची कापणी पाथ टूलने केली. लुगडं, हात, गुडघे यांच्या कडेच्या एक ते दोन पिक्सेल आतून बिंदू टाकले. आतून, कारण कडेच्या शेवटच्या पिक्सेलमध्ये मागच्या कापडाचा रंग मिसळलेला असतो. पाथचं सिलेक्शन करून एक पिक्सेल फेदर (कड मऊ करणं) आणि मग लेयर मास्क, म्हणजे नको तो भाग न पुसता झाकणारा पडदा. जिथे आजी गोधडीवर टेकल्या आहेत, ती जागा कापलीच नाही. त्या गोधडीवर बसूनच फोटो घेतलेला असल्यामुळे खालची सावली, दबलेलं कापड, सगळं खरं आलं. केसांसाठी वेगळी युक्ती: डोक्याभोवतीची पट्टी वेगळ्या लेयरवर घेऊन मोड ‘लाइटन ओन्ली’ केला, म्हणजे वरच्या-खालच्यातला उजळ असेल तोच पिक्सेल दिसतो. केस पांढरे, मागचं कापड गडद, आणि आता मागे येणारं शेत कापडाहून थोडं उजळ. मग कापड आपोआप नाहीसं होतं आणि केसांचा एकेक तंतू राहतो. केस काळे असते तर उलट करावं लागलं असतं, फिकं कापड आणि ‘मल्टिप्लाय’.

मग सांधा. याला १४ तास गेले आणि तो तीनदा खोडून पुन्हा केला. पहिल्या वेळी मोठ्या मऊ ब्रशने गोधडी हळूहळू पुसत नेली. मध्ये ना कापड ना शेत असा गढूळ पट्टा तयार झाला. पुसट होणं म्हणजे बदलणं नव्हे. डार्करूममध्ये अमेरिकन फोटोग्राफर जेरी उल्समन वेगवेगळ्या निगेटिव्ह वेगवेगळ्या एन्लार्जरमध्ये ठेवून एकच कागद त्यांच्याखालून नेत आणि मधला प्रकाश अडवून सांधे विरघळवत. पण त्यांनी सांधा कुठे घ्यायचा हे निवडलेलं असे, एका आकाराची कड दुसऱ्या आकाराच्या कडेवर पडेल अशा जागी. तेच इथे केलं. मास्कची हद्द सरळ न नेता ठिगळांच्या शिवणींवरून वाकडीतिकडी नेली आणि प्रत्येक शिवण एकेका बांधाला जोडली. बांध जुळत नव्हते तिथे वार्प ट्रान्स्फॉर्म टूलने बांध हलवला, २०० पिक्सेलचा ब्रश, जोर ३० च्या आत. शिवण हलवली नाही. कापडाची वीण वाकली की लगेच दिसतं, गवत वाकलं तर दिसत नाही.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७०० पिक्सेलचा पट्टा असा आहे की तिथे दोघांचं थोडं थोडं दोघांना दिलंय. विणीच्या जवळच्या फोटोचा रंग काढला, फक्त बारीक पोत ठेवणारा हाय पास फिल्टर लावला, पर्स्पेक्टिव्हने क्षितिजाकडे निमुळता केला आणि खाचरांवर ‘ग्रेन मर्ज’ मोडमध्ये ठेवला. जवळ ३५ टक्के, वर जाताना शून्य. उलट दिशेने भाताचा पोत शेवटच्या ठिगळांवर ‘सॉफ्ट लाइट’मध्ये २० टक्के. मग गोधडीच्या सुरकुत्या शेतात पुढे जायला हव्या होत्या. सुरकुत्यांचा फोटो रंगहीन करून ४० पिक्सेल ब्लर केला आणि दोनदा वापरला: एकदा सॉफ्ट लाइटमध्ये, उंचसखल उजेडासाठी, आणि एकदा डिस्प्लेस फिल्टरचा नकाशा म्हणून, १२ पिक्सेलपर्यंत, म्हणजे बांधही सुरकुतीबरोबर वरखाली होतात. यातलं नुसतं पहिलं केलं तर शेतावर डाग पडल्यासारखं दिसतं. दुसरं जोडल्यावर जमीन कापडासारखी उचलली जाते.

टाके हाताने काढले नाहीत. आजींनी घातलेल्या जाड टाक्यांतले पाच वेगवेगळे टाके कापले आणि त्यांचा ब्रश केला, पाचही आलटून पालटून येतील असा. एकच टाका वापरला तर शंभर टाके छापील दिसतात. मग बांधांवर पाथ काढले आणि स्ट्रोक पाथने ब्रश फिरवला. ब्रशची स्पेसिंग (ठशाठशांमधलं अंतर) १६० टक्के, कारण ३२ पिक्सेलचा टाका आणि २० पिक्सेलची जागा. डायनॅमिक्स ‘ट्रॅक डिरेक्शन’, आणि स्ट्रोकच्या चौकटीत ‘एम्युलेट ब्रश डायनॅमिक्स’वर खूण. ही खूण करायची राहून गेली की सगळे टाके आडवेच पडतात, बांध कुठेही वळो. यात अर्धा तास गेला. आकाराचे चार टप्पे केले: ३२, २२, १४, ८. प्रत्येक टप्पा वेगळ्या लेयरवर.

नुसते टाके शेतावर तरंगतात. दोरा कापडात रुतलेला असतो, त्याच्या दोन टोकांशी खळगा पडतो आणि मधलं कापड फुगतं. म्हणून टाक्यांच्या लेयरची प्रत काळी केली, तीन पिक्सेल खाली सरकवली, चार पिक्सेल ब्लर, मल्टिप्लाय ४५ टक्के. लहान टाक्यांसाठी हेच आकडे त्या प्रमाणात कमी केले. वर एक करडा लेयर, ८०८०८० या रंगकोडचा, सॉफ्ट लाइटमध्ये. त्यावर काळ्या ब्रशने टोकांशी आणि पांढऱ्याने दोन ओळींच्या मध्ये, ब्रशची ओपॅसिटी ६ टक्के. खाचरं इथे पहिल्यांदा कापूस भरल्यासारखी दिसली. बघत बसावंसं वाटतं आणि हात थांबत नाही, म्हणून दर तासाला चित्र २५ टक्क्यांवर आणून लांबून पाहायचा नियम ठेवला. दोनदा फुगवटा जास्त झाला होता, दोनदा लेयरची ओपॅसिटी उतरवली.

रंगांआधी काळेपणा जुळवावा, हे बऱ्याच जणांकडून राहतं. शेताच्या फोटोत दमट हवेमुळे सर्वांत गडद जागाही २५५ पैकी २८ ची होती, गोधडीत ८ ची. गोधडीची काळी टोकं कर्व्ह्जने १४ पर्यंत उचलली आणि जवळच्या खाचरांची १६ पर्यंत उतरवली, लांबची तशीच ठेवली. हवा मध्ये आली की काळं फिकं होतं, तो क्रम तेवढा सांभाळायचा. शेवटी सगळ्यांवर एकच बारीक नॉइज टाकला. वेगवेगळ्या फोटोंचे दाणे वेगळे असतात, आणि एकच दाणा सगळ्यांवर पडला की चित्र एका कॅमेऱ्यातून आल्यासारखं वाटतं.

आभाळ आधी इंटरनेटवरच्या मोफत संग्रहातून घेतलं होतं. चित्र जिथे पाठवायचं होतं त्या स्पर्धेचे नियम नीट वाचल्यावर ते काढावं लागलं. फियाप या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत चित्रातला प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा लागतो. मोफत परवाना असला तरी चालत नाही, एआयने तयार केलेला तुकडाही चालत नाही. निसर्ग विभागात तर काही जोडणं किंवा काढणं मुळातच बसत नाही, त्यामुळे असं चित्र खुल्या विभागातच जातं. ५ ऑक्टोबरला सकाळी गच्चीवरून ढगांचे बारा फोटो घेतले, त्यातला एक बसला. नियम जूनमध्येच वाचले असते तर सहा तास वाचले असते.

१४ ऑक्टोबरला लॅबला आधी पूर्ण प्रिंट न देता चाचणीची पट्टी दिली, ४ × १२ इंच, उभी कापलेली, म्हणजे आभाळ, सांधा आणि गोधडी तिन्ही त्यात येतील. खर्च नव्वद रुपये. पट्टी गडद आली. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ ठेवून काम केलं की हे होणारच. पडद्यावर झगझगणारं चित्र कागदावर मावळतं. पट्टी खिडकीतल्या उजेडात धरली आणि ती तशी दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी केला, मग कर्व्ह्जने मधले टोन थोडे वर उचलले. लॅबला फाइल कशात हवी ते विचारून घ्या. या लॅबला एसआरजीबी आणि ८ बिट टिफ हवी होती, सीएमवायके, म्हणजे छापखान्याच्या शाईच्या रंगांत, करून नेली असती तर हिरवे मेले असते. दुसरी पट्टी १६ तारखेला बरोबर आली. मग दिवाळी. अल्बमच्या ऑर्डरींची गर्दी आणि सुट्ट्या, त्यामुळे मॅट कागदावरची मोठी प्रिंट ३० ऑक्टोबरला मिळाली, १,१०० रुपये. एक प्रत आजींसाठी, साध्या लस्टर कागदावर, १८० रुपये.

खर्चाची गोळाबेरीज: दोन फेऱ्यांचं पेट्रोल ९६०, दोन दिवसांचं मानधन २,०००, कापड आणि दोरा ३८०, रॅम २,१००, पट्ट्या आणि प्रिंटा १,४६०. एकूण ६,९००. रॅम वगळली तर पाच हजारांच्या आत.

स्पर्धेची प्रवेशिका ४ नोव्हेंबरला ऑनलाइन भरली. आठ दिवसांनी ईमेल आला: मूळ फाइली तीन दिवसांत पाठवा. कंपोझिटच्या बाबतीत ही मागणी येऊ शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण फाइली विखुरलेल्या असतील तर तीन दिवस कमी पडतात. इथे पहिल्या दिवसापासून एकच फोल्डर होता आणि त्यात चार उपफोल्डर: रॉ, टिफ, एक्ससीएफ, कागदपत्रं. एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची लेयरसकटची फाइल, दर दिवसाची वेगळी, नावात तारीख. पाठवलं ते असं: शेत, आजी-गोधडी, वीण, सुरकुत्या, टाके आणि आभाळ यांच्या सहा रॉ फाइली, लेयरची यादी दिसणारा स्क्रीनशॉट, आणि कोणता भाग कोणत्या फाइलीतून आला हे सांगणारं अर्ध्या पानाचं टिपण. संमतीपत्राची स्कॅन प्रतही जोडली. १९ नोव्हेंबरला पडताळणी पूर्ण झाल्याचं उत्तर आलं.

आजींची प्रिंट दिवाळीनंतर पोचवली. त्यांनी ती उजेडाकडे नेली आणि पहिल्यांदा टाके पाहिले. वरून तिसऱ्या बांधावर दोन टाके एकमेकांवर चढलेत, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पाथचे दोन तुकडे तिथे जुळतात. पुढच्या प्रिंटच्या आधी ते १४ पिक्सेलच्या लेयरवर सुटे करायचे आहेत.